स्विस ट्रॅव्हल पास: मुलांना घेऊन डोंगरात राहायचं असेल तर घ्यावा का?

एसटीची 'आवडेल तेथे कोठेही प्रवास' योजना ज्यांनी वापरली आहे, त्यांना स्विस ट्रॅव्हल पास वेगळा समजावून सांगावा लागत नाही. ठरावीक दिवसांचे पैसे एकदाच भरायचे. मग रेल्वे, पिवळ्या पोस्ट बस, तळ्यांवरच्या बोटी, शहरांतल्या ट्राम यांत हवं तेव्हा चढायचं आणि हवं तिथे उतरायचं. टूरवाले, व्हिडिओवाले आणि आधी जाऊन आलेले नातेवाईक सगळेच हा पास घ्या म्हणतात. झुरिक, लुत्सर्न, माँत्रो, लुगानो असं देशभर फिरणाऱ्यासाठी ते बरोबरच आहे. पण एखाद्या खोऱ्यात आठवडाभर मुक्काम टाकायचा, रोज सकाळी मुलांना घेऊन वर जायचं, दोन-चार तास चालायचं आणि संध्याकाळी खाली यायचं असा बेत असेल, तर हाच पास बऱ्याचदा महागात पडतो. तो खोऱ्यात पूर्ण चालतो; उंची वाढू लागली की त्याची ताकद कमी होत जाते.

नेमका कुठे संपतो ते पाहू. इंटरलाकनच्या बाजूला तो ग्रिंडेलवाल्ड, लाउटरब्रुनेन, वेंगेन आणि म्युरेनपर्यंत पूर्ण चालतो. वेंगेन आणि म्युरेन ही कड्यावर वसलेली, मोटारी नसलेली गावं पासात येतात, ही त्यातली सगळ्यात आनंदाची गोष्ट. तिथून वर मात्र खिसा उघडावा लागतो. फर्स्ट (हे ग्रिंडेलवाल्डवरच्या डोंगराचं नाव), मेनलिखेन, शिल्टहॉर्न (२९७० मीटर) इथे अर्धं तिकीट. युंगफ्राउयोखला (३४५४ मीटर) ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनच्या पुढे फक्त २५ टक्के सूट. त्सेरमाटपर्यंत पास, वर गोर्नरग्राटला (३०८९ मीटर) अर्धं. एंगेलबर्गपर्यंत पास, टिटलिसला अर्धं. पिलाटुसलाही अर्धंच. पूर्ण फुकट असे डोंगर तीन: रिगी, श्टान्सरहॉर्न आणि श्टूस. तिघंही लुत्सर्नच्या आसपास आहेत, म्हणजे मुक्काम इंटरलाकन किंवा त्सेरमाटला असेल तर त्यांचा रोजच्या बेताला उपयोग नाही.

याला पर्याय म्हणजे त्याच कंपन्यांचं स्विस हाफ फेअर कार्ड. एक महिना चालतं आणि रेल्वे, बस, बोट, बहुतेक केबल कार या सगळ्यांना अर्धं तिकीट लावतं. गंमत अशी, की युंगफ्राउयोखला महागड्या पासवर २५ टक्के सूट आणि या स्वस्त कार्डावर ५० टक्के. मूळ तिकीट १०० फ्रँकचं धरलं तर पासवाला ७५ देतो आणि कार्डवाला ५०. घरातले दोघं वर जाणार असतील तर हा फरक जाणवण्याइतका आहे, कारण त्या भागातलं सगळ्यात महाग तिकीट तेच.

हिशेब कसा करायचा ते २०२४च्या दरांवर दाखवतो. दर बदलत राहतात, त्यामुळे आकडे आपल्या तारखांचे घालावे, रीत तीच. त्या वर्षी दुसऱ्या वर्गाचा सलग पास ३ दिवसांना २४४, ४ दिवसांना २९५, ६ दिवसांना ३७९, ८ दिवसांना ४१९ आणि १५ दिवसांना ४५९ फ्रँक होता. हाफ फेअर कार्ड १२० फ्रँक. म्हणजे ३ दिवसांचा पास दिवसाला ८१ फ्रँकला पडतो, ८ दिवसांचा ५२ला आणि १५ दिवसांचा ३१च्या आत. (८ आणि १५ दिवसांत फक्त ४० फ्रँकचा फरक आहे, त्यामुळे दहा-अकरा दिवस राहणाऱ्याने ८चा पास घेऊन उरलेल्या दिवसांची सुटी तिकिटं काढण्यात अर्थ नाही.) आता नवरा-बायको आणि आठ दिवस. दोन पास ८३८, दोन कार्डं २४०, फरक ५९८ फ्रँक. माणशी २९९, दिवसाला साधारण ३७. त्या प्रवासाचं अर्धं तिकीट कार्डवालाही वाचवतोच, म्हणून ३७ची दुप्पट करायची: पास परवडायचा तर पासवर *पूर्ण फुकट* होणारा प्रवास प्रत्येकाने दररोज मूळ दराने ७५ फ्रँकच्या आसपास करायला हवा. झुरिक विमानतळ ते इंटरलाकन या एका फेरीत जवळजवळ तेवढा होतो. पण एकदा खोऱ्यात पोहोचल्यावर इंटरलाकन ते लाउटरब्रुनेनसारख्या वीस मिनिटांच्या फेऱ्या होतात, आणि त्यांतून हा आकडा गाठणं अशक्य. फर्स्ट किंवा शिल्टहॉर्नची अर्धी तिकिटं या बेरजेत धरायची नाहीत. ती दोन्हीकडे अर्धीच आहेत. बहुतेक लोकांचा हिशेब नेमका इथे चुकतो: शिखरांची सूट पासाच्या खात्यावर जमा करतात, ती कार्डावरही मिळते हे विसरतात.

मुक्काम एकाच भागात असेल तर तिसराही रस्ता आहे. युंगफ्राउ ट्रॅव्हल पासमध्ये फर्स्ट, मेनलिखेन, हार्डर कुल्म, शिनिगे प्लाटे आणि वर आयगरग्लेचरपर्यंतचा प्रवास येतो, युंगफ्राउयोखच्या शेवटच्या टप्प्याचे पैसे वेगळे भरायचे. बर्नर ओबरलांड पास त्याहून मोठ्या भागाला लागतो. लुत्सर्नकडे टेल पास, ज्यात टिटलिस, पिलाटुस, रिगी, श्टान्सरहॉर्न, श्टूस आणि तळ्यातल्या बोटी सगळं आलं. रोज एक डोंगर करणाऱ्या कुटुंबासाठी लुत्सर्नला टेल पास आणि ग्रिंडेलवाल्डला युंगफ्राउ पास, हे दोन्ही स्विस पासपेक्षा सरस. हाफ फेअर कार्ड हातात असेल तर बर्नर ओबरलांड आणि युंगफ्राउचे पास आणखी कमी दरात मिळतात.

मग स्विस पासाचं चांगलं काय? मुलांचं कार्ड. स्विस फॅमिली कार्ड फुकट मिळतं आणि आई किंवा वडील बरोबर असले की ६ ते १५ वर्षांची मुलं फुकट प्रवास करतात. सहाच्या आतल्यांना तसंही तिकीट नाही. ही सवलत हाफ फेअर कार्डावरही मिळते, पण आपोआप नाही: खरेदी करतानाच मुलांची नावं आणि जन्मतारखा घालून मागून घ्यावी लागते. एजंटकडून पास घेतला आणि त्याने ती खूण केली नाही, तर गाडीत तपासनिसासमोर मुलं बिनतिकीट ठरतात. केबल कारच्या खिडकीवर मोठ्यांचं तिकीट मागण्याआधी हे कार्ड पुढे करावं. तिकीट छापून झाल्यावर दाखवलं तर दुरुस्तीत रांग अडते. आणखी एक अट आपल्याकडच्या कुटुंबांना नेहमी नडते. कार्ड आई-वडिलांसोबतच चालतं. आजी नातवाला घेऊन बोटीवर गेली, मावशीबरोबर भाची वरच्या डोंगरावर गेली, तर चालत नाही. आई-वडील नसतील त्या मुलाला अर्ध्या किमतीचा पास घ्यावा लागतो. दोन-तीन कुटुंबं मिळून जाणार असाल तर कोणाची मुलं कोणाबरोबर जाणार हे सकाळी नाश्त्यालाच ठरलेलं बरं. सोळा पूर्ण झालेल्यांना फॅमिली कार्ड नाही. २५च्या आतल्यांसाठी वेगळा तरुणांचा पास आहे, साधारण ३० टक्क्यांनी स्वस्त.

पासाचे दोन प्रकार आहेत, सलग आणि फ्लेक्स. फ्लेक्समध्ये महिन्याभरातले हवे ते दिवस निवडता येतात. डोंगरातल्या कुटुंबाला तो जास्त सोयीचा, कारण मधले दोन-तीन दिवस माणूस गावातून पायीच फिरतो. पण फ्लेक्सचा प्रत्येक दिवस गाडीत चढण्याआधी ऑनलाइन चालू करावा लागतो. गाडी सुटल्यावर, तपासनीस दिसल्यावर केलेली खटपट उपयोगाची नाही, दंड होतो. दिवस म्हणजे कॅलेंडरचा दिवस, दुसऱ्या दिवशी पहाटे ५ पर्यंत. त्यामुळे रात्री ९ला उतरणाऱ्या विमानासाठी एक दिवस खर्ची घालू नये, त्या फेरीचं सुटं तिकीट काढावं. पास नावावर असतो, बरोबर पासपोर्ट लागतो, आणि नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं. ग्लेशियर एक्सप्रेस आणि बर्निना एक्सप्रेसला पास चालतो, पण जागेचं आरक्षण सक्तीचं आणि त्याचे पैसे निराळे. बर्निनाच्या त्याच रुळांवरून साध्या लोकल गाड्याही जातात. त्यांच्या खिडक्या उघडतात, आरक्षण लागत नाही, आणि मुलांना त्यात जास्त मजा येते.

मे महिन्याची अडचण

शाळांची सुट्टी एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत. आल्प्सचा उन्हाळा मात्र जूनच्या मध्यानंतर खऱ्या अर्थाने सुरू होतो. पासाची जाहिरात या फरकाबद्दल अवाक्षर काढत नाही, पण पैसे वसूल होणं न होणं बरंचसं यावर आहे.

हिवाळ्याची गर्दी ओसरली की केबल कारवाले तार, चाकं, ब्रेक तपासायला गाडी बंद ठेवतात. हे साधारण एप्रिल-मेमध्ये येतं आणि प्रत्येक डोंगराच्या तारखा वेगळ्या. शिनिगे प्लाटेची दातेरी रेल्वे आणि ब्रिएंत्सची वाफेच्या इंजिनाची डोंगररेल्वे साधारण जूनमध्येच सुरू होतात. गाडी सुरू असली तरी वाटा मोकळ्या असतीलच असं नाही. फर्स्टहून बाखआल्पझेला जाणारी तासाभराची वाट मुलांसाठी उत्तम, पण तळं २२६५ मीटरवर. मेमध्ये ते बहुधा गोठलेलं आणि वाट बर्फाखाली. उतारावरचं जुनं, घट्ट बर्फ सपाट तळव्याच्या बुटांना दाद देत नाही, आणि घसरलेलं मूल थांबवायला तिथे झाडही नसतं. श्टूसवरच्या क्लिंगेनश्टॉक ते फ्रोनआल्पश्टॉक या कड्यावरच्या वाटेचीही तीच गत: ती जूनमध्ये उघडते, दोनेक तास लागतात, आणि लहानांचा हात सोडता येत नाही.

म्हणून मेमध्ये जाणाऱ्यांसाठी आमचं गणित उलटं आहे. त्या महिन्यात बेत खालच्या उंचीवर येतात, आणि तिथे स्विस पास पूर्ण चालतो. रिगी १७९८ मीटरचा, बारमाही उघडा. युरोपातली पहिली पर्वतरेल्वे १८७१मध्ये इथेच फित्सनाउहून वर निघाली. बोटीने फित्सनाउ, लाल दातेरी रेल्वेने वर, काल्टबाडला उतरून जुन्या रेल्वेच्या मार्गावरून रिगी शाइडेगपर्यंत साधारण ७ किलोमीटरची जवळजवळ सपाट वाट: बाबागाडीही जाते, आणि यातलं काहीच पासाबाहेर नाही. श्टान्सरहॉर्न एप्रिलच्या मध्यापासून सुरू होतो. पहिला टप्पा १८९३ची लाकडी डब्यांची फ्युनिक्युलर (तारेने चढावर ओढली जाणारी रेल्वे), दुसरा वरचा मजला उघडा असलेली केबल कार. वर अर्ध्या तासाची प्रदक्षिणा आहे. वरच्या मजल्यावर वारा बोचतो, टोपी आणि बंद जाकीट हवंच. श्टूसची फ्युनिक्युलर ११० टक्के चढाची, डबे पिंपासारखे गोल असून स्वतःभोवती फिरत राहतात, त्यामुळे पायाखालची जमीन सपाटच राहते. पोरांना हीच सगळ्यात आवडते.

लाउटरब्रुनेन ते श्टेखेलबर्ग ही खोऱ्यातली सपाट वाट मेमध्ये ऐन बहरात असते, कारण वरचं बर्फ वितळून सगळे धबधबे भरलेले. श्टाउबबाख जवळजवळ ३०० मीटरवरून पडतो. वाटेतला ट्र्युमेलबाख डोंगराच्या पोटात आहे. त्याचं तिकीट वेगळं, पास चालत नाही. चालून कंटाळा आला की मधूनच पोस्ट बस पकडायची, ती पासावर. मेच्या अखेरीस ग्र्युट्शआल्प ते म्युरेन ही दीड तासाची वाटही बहुतेक मोकळी होते. समोर आयगर, म्योंश, युंगफ्राउ ही शिखरं ओळीने.

जुलै-ऑगस्टमध्ये येणाऱ्यांसाठी, म्हणजे लंडन-म्युनिककडे स्थायिक झालेल्या मंडळींसाठी, पारडं पुन्हा हाफ फेअर कार्डाकडे झुकतं. तेव्हा सगळं काही वर आहे. मेनलिखेन ते क्लाइनं शाइडेग ही साडेचार किलोमीटरची वाट किंचित उताराची, दीड तासाची, सहा वर्षांचं मूल आरामात करतं. मेनलिखेनहून खाली होलेनश्टाइनकडे लिझेलोटे गायीच्या नावाची खेळांची वाट आहे, हासलिबर्गला बुटक्या मुगेश्टुट्सची. या दोन्ही वाटांवर चालण्याला चार तास लागले तरी मुलं कुरकुरत नाहीत. या महिन्यांत दुपारनंतर गडगडाटी पाऊस येण्याचं प्रमाण जास्त, म्हणून पहिल्या गाडीने वर आणि दोनच्या सुमारास खाली.

वाटांच्या खुणा सगळीकडे सारख्या आहेत. पिवळी पाटी साधी वाट. दगडावर पांढरा-लाल-पांढरा पट्टा असेल तर डोंगरी वाट: खडबडीत, घोट्याला आधार देणारे बूट हवेत. पांढरा-निळा-पांढरा दिसला तर मुलांना घेऊन मागे फिरायचं. पाटीवरचा वेळ सपाटीवर ताशी ४.२ किलोमीटर धरून काढलेला असतो आणि त्यात थांबे नसतात. सहा-सात वर्षांच्या मुलाबरोबर तो दीडपट धरावा, आणि वाटेत ओढा असेल तर दुप्पट.

फर्स्टवरचे खेळ हा स्वतंत्र खर्च आहे, पास वा कार्ड तिथे वर पोहोचवण्यापुरतंच. आणि अटी कडक: तारेवरून सुसाट जाणाऱ्या फर्स्ट फ्लायरला १० वर्षं आणि किमान ३५ किलो वजन, माउंटन कार्टला १३५ सेंटिमीटर उंची, उभ्याने चालवायच्या ट्रॉटीबाइकला १२५. आपल्याकडची आठ-नऊ वर्षांची पोरं बहुधा पहिल्या दोन्हींत बसत नाहीत. घरून निघण्यापूर्वी दाराच्या चौकटीशी उंची मोजून घ्यावी आणि वर जाण्याआधी सांगून टाकावं. दोन तास रांगेत उभं राहून नकार ऐकलेल्या मुलाचा पुढचा दिवस वाया जातो. कड्याला लागून बांधलेला क्लिफ वॉक मात्र फुकट, वयाची अट नाही.

गाडीत बसताना

इंटरलाकन ओस्टहून सुटणारी डोंगराकडची गाडी त्स्वायल्युचिनेनला दोन भागांत तुटते: एक भाग लाउटरब्रुनेनला, दुसरा ग्रिंडेलवाल्डला. डब्यावरची पाटी वाचूनच चढावं आणि सगळ्यांनी एकाच डब्यात बसावं. अर्धं कुटुंब एका खोऱ्यात आणि अर्धं दुसऱ्यात, असं इथे सर्रास होतं. फॅमिली कार्डामुळे आणखी पंचाईत: आई-वडील दुसऱ्या भागात गेले की मुलांचा प्रवास बिनतिकीट. लांबच्या पल्ल्याच्या दुमजली इंटरसिटीत टोकाच्या डब्यात वरच्या मजल्यावर मुलांसाठी घसरगुंडी आणि खेळायची जागा असते. फलाटावर अ, ब, क, ड असे भाग असतात; सूचनाफलकावर कुटुंबाचा डबा कुठल्या भागात येणार ते दाखवतात. वर्ग पहिला घेण्याचं काही कारण नाही. दुसरा वर्ग स्वच्छ आणि मोकळा असतो, आणि वाचलेल्या पैशांत एक केबल कार होते.

डोंगरावर काय दिसतंय ते सकाळी वेबकॅमवर पाहावं. ढग असतील तर बेत बदलायचा. पासाचा खरा फायदा इथे कळतो: तिकीट वाया जाण्याची चिंता नाही, बोटीत बसायचं. पण हाफ फेअरवालाही तिकीट त्याच सकाळी खिडकीवर घेऊ शकतो, तेव्हा हा फायदा वाटतो तेवढा मोठा नाही. युंगफ्राउयोखची तेवढी उन्हाळ्यात जागा आधी आरक्षित करावी लागते, आणि तिथे हवामानाचा जुगार कुणालाच चुकत नाही. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला झटक्यात साडेतीन हजार मीटरवर नेऊ नये. केबल कारमध्ये मोठ्यांचेही कान बंद होतात. मुलांना घोट घोट पाणी देत राहावं.

पासात बचावाचा विमा नसतो, हे वेगळं सांगायला हवं. डोंगरातून हेलिकॉप्टरने उचलावं लागलं तर बिल मोठं येतं; व्हिसासाठी काढलेल्या विम्यात ते धरलंय का, हे पॉलिसीत शोधावं. हेलिकॉप्टर बचावाचा नंबर १४१४, एरवी ११२.

पावसाच्या दिवसासाठी: पासावर ५००हून जास्त संग्रहालयं फुकट आहेत, पण सगळी नाहीत. लुत्सर्नचं वाहतूक संग्रहालय, जिथे प्रत्येक मुलाला जायचंच असतं, तिथे पासावर अर्धं तिकीट. ब्रिएंत्सजवळचं बालेनबर्ग मात्र पासात येतं: देशभरातून उचलून आणलेली शंभरावर जुनी घरं, आत चूल पेटलेली, सुतार-लोहार काम करताना, अंगणात कोंबड्या आणि डुकरं. एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेरपर्यंत उघडं. दोन दरवाजे आहेत; पश्चिमेच्या दरवाजाने आत जाऊन पूर्वेच्याने बाहेर पडलं तर तीच घरं दोनदा पार करावी लागत नाहीत, आणि बस दोन्हीकडे थांबते.